काठी लावलेलं दार

“दार बंद असेल तर ‘बंद’ असंच लिही हं, पोरी. मी बंद दारांच्याच मागे जाते. उघडी दारं बघायला मला तेवढे पाय नाहीत.”

दोमितिला सिस्टर पहिल्याच दिवशी मला हे म्हणाल्या. आरोग्य केंद्राच्या पडवीत त्या लसींचा डबा पुसत होत्या आणि मी गादिएलला पाजत होते. मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई जुन्या वळणाच्या आहेत, फोनवरचं काम ह्यांना काय कळणार. खरं सांगायचं तर मी नीट ऐकलंच नव्हतं. गादिएल तेव्हा पाच महिन्यांचा होता. तो नीट पितोय ना, नीट श्वास घेतोय ना, ह्यापलीकडे माझ्या डोक्यात काही मावत नव्हतं.

काम असं होतं. पेरूच्या डोंगरांतल्या आमच्या काल्लापातात बाळांच्या अंगात रक्त कमी असतं. उंचावरचं गाव, खायला बटाटा आणि मका. लिमाहून योजना आली की बाळ असलेल्या प्रत्येक घरी महिन्यातून तीनदा जायचं, महिन्याला लोहाच्या थेंबांची एक बाटली द्यायची, थेंब कसे पाजायचे ते आईला दाखवायचं आणि फोनवर प्रश्नांची उत्तरं भरायची. फोन आपली जागा आपणच टिपायचा. बाई दारात उभी आहे की नाही, हे त्याला कळायचं. दाराआड बाळ आहे की नाही, हे कळायचं नाही.

शंभरातल्या नव्वद भेटी पार पडल्या तर नगरपालिकेला लिमाहून बक्षिसाचा निधी मिळणार होता, आणि त्या निधीतून नगराध्यक्ष बाजाराला छप्पर घालणार होते. हे निवडणुकीतलं वचन होतं. हसू नका. माझी आई बावीस वर्षं त्या बाजारात निळ्या प्लास्टिकखाली बसून चीज विकते. फेब्रुवारीत गारा पडतात तेव्हा प्लास्टिक फाटतं आणि आई चीजवर आडवी होते, पाठीवर गारा झेलत. छप्पर कुणाला नको होतं?

माझ्या वाटणीला एकतीस बाळं आली. एकतिसावं माझंच, गादिएल. आणि तिसावी मिलुस्का, हिलारियाची मुलगी. ती गादिएलच्याच आठवड्यात जन्मलेली.

हिलारियाचं घर निलगिरीच्या झाडांपलीकडे शेवटच्या चढावर. मार्चमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा दार सताड उघडं होतं. हिलारिया जेमतेम एकोणीस वर्षांची. नवरा खाणीवर गेला होता तो तिकडचाच झाला होता. तिने मला उकडलेले बटाटे दिले, वर चीजचा तुकडा. आम्ही दोन्ही बाळं मेंढीच्या कातड्यावर शेजारी शेजारी ठेवली. मिलुस्का गुटगुटीत, गालांवर थंडीने तडकलेली लाली. तिने गादिएलचा कान धरला आणि सोडेचना.

“ताई, तुझा तर उंदीर आहे गं,” हिलारिया हसून म्हणाली. “विद्यापीठात शिकलेल्या बाईचं पोर, आणि एवढंसं?”

“उंदीर काय! वजन बरोबर आहे त्याचं,” मी म्हटलं. मला लागलं होतं ते. घरी गेल्यावर मी त्याला पुन्हा वजनकाट्यावर ठेवलं.

बाटल्या अजून आल्या नव्हत्या. मी तिला म्हटलं, पुढच्या खेपेला आणते, तेव्हा कसं पाजायचं ते दाखवते.

“पुढच्या महिन्यात मी वर जाणार, पठारावर. मामाच्या अल्पाकांच्या कळपाची राखण आहे. कापणी संपेपर्यंत काय, पार सप्टेंबरपर्यंत येत नाही मी. मग थेंब कसे मिळतील?”

“मी बघते ना. सिस्टरना सांगते. शनिवारी दुधाची गाडी वर जाते, तिच्यात बसून त्या येतात. तू काळजी करू नकोस.”

असं मी म्हणाले. ह्याच शब्दांत.

एप्रिलमध्ये गेले तर दाराला काठी लावलेली. आमच्याकडे वर जाणारे लोक कुलूप लावत नाहीत, दाराला आडवी काठी टेकवून जातात. काठी दिसली की समजायचं, घरात कुणी नाही, हाका मारू नका. शेंबड्या पोरालाही कळतं ते. मी फोनवर ‘बंद’ लिहिलं आणि उतारावरून खाली आले.

सोमवारी नगरपालिकेत बैठक असायची. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर घरांचे ठिपके. भेट झाली की हिरवा, बंद असेल तर लाल. बैठक घ्यायचे वाल्देर इंजिनिअर. ते मुळात पाटबंधाऱ्यांचे. बाळांशी त्यांचा संबंध एवढाच, की निवडणुकीत त्यांनी नगराध्यक्षांची प्रचाराची गाडी चालवली होती. माणूस वाईट नव्हता. आम्हा बायकांसाठी स्वतःच्या खिशातून पाव आणायचा.

“हे लाल कुणाचं?”

“माझं, साहेब. हिलारियाचं घर. काठी लावलेली होती.”

“काठी!” ते खुर्चीत मागे रेलले. “लिमातल्या लोकांना काठी कळते का, नेलिदाबाई? त्यांना हिरवं कळतं आणि लाल कळतं. तुम्ही दारापर्यंत गेलात ना?”

“गेले.”

“चढ चढलात ना? घाम गाळलात ना? मग भेट झाली नाही असं कसं म्हणता?”

“पण सिस्टर म्हणाल्या होत्या...”

“सिस्टरचा पगार आरोग्य मंत्रालय देतं. बाजाराचं छप्पर मंत्रालय देणार नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुमची आई तिसऱ्या रांगेत बसते ना? चीजवाली?”

सगळ्या हसल्या नाहीत, पण एदित हसली. एदित माझ्या शेजारच्या वस्तीचं काम बघायची. “अगं, एवढी शिकलीस ती काय काठ्या मोजायला?” माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “दुपारी ये बाजारामागे. फोर्तुनातो काकांना भेटवते.”

फोर्तुनातो काकांची तीनचाकी होती. मागच्या सीटवर बुटांचा खोका, खोक्यात फोन. बायका आपापले फोन त्यांच्याकडे द्यायच्या, काका ते घेऊन वस्तीवस्तीने फिरायचे. प्रत्येक दारापुढे दोन मिनिटं थांबायचं, मग पुढचं दार.

“आज माझ्या गाडीत अकरा बायका बसल्यात,” खोक्याचं झाकण लावत काका म्हणाले, “आणि एकीनेही भाड्यावरून कटकट केली नाही. असं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नव्हतं.”

मीही हसले. आणि फोन दिला. प्रत्येक वेळी नाही, चारपाच वेळाच. एरवी मी स्वतः जायचे, तीस घरांपैकी पंचवीस-सव्वीस घरांत तर अगदी मनापासून. आयांना थेंब मोजून दाखवायचे, ते संत्र्याच्या रसात द्या, मुन्याच्या पाल्याच्या काढ्यात नको, दुधात नको, हे दहा-दहा वेळा सांगायचे, कोंबडीची रक्ती कांद्यावर परतून दाखवायचे. हे सगळं मी केलं. पण ते सांगितल्याने मला काही बरं वाटत नाही.

काका गेले तरी दारापर्यंत फक्त फोनच जायचा. बाटली मलाच पोचवावी लागायची. म्हणून महिन्यातून एकदा मी तो चढ चढायचेच. दाराशेजारी मातीच्या भिंतीत एक कोनाडा आहे, दिवा ठेवायचा. मी बाटली त्यात ठेवायचे. मग काठीसमोर उभी राहून प्रश्न भरायचे.

बाळ भेटलं का? हो.

थेंब नियमित दिले का? हो.

बाळाची शी काळी होते का?

हा प्रश्न सिस्टरनी भांडून योजनेत घालून घेतला होता. लोह पोटात गेलं की शी काळी होते. आई खोटं बोलली तरी शी खोटं बोलत नाही, असं त्या म्हणायच्या. मी तिथे आधी ‘माहीत नाही’ लिहिलं. मग वाटलं, असं लिहिलं तर सिस्टर विचारतील. मग पुसलं आणि ‘हो’ लिहिलं.

मी शिकलेली होते ना. खोटं कुठे उघडं पडतं ते मला बरोबर कळत होतं.

जूनमधला दिवस मला स्वच्छ आठवतो. जून म्हणजे आमचा हिवाळा; ऊन कडक होतं, पण सावलीत बर्फ वितळला नव्हता. गादिएल माझ्या पाठीवरच्या शालीत झोपलेला. सकाळी त्याची खालची पापणी ओढून बघितली होती, आतून छान लाल होती. रोज बघायचे मी. त्याला थेंब देण्यात मी एकही दिवस चुकले नाही. मी कोनाड्यात बघितलं. आधीच्या दोन बाटल्या जशाच्या तशा उभ्या होत्या, झाकणावरचा प्लास्टिकचा पापुद्राही फाटलेला नाही. त्यांच्या रांगेत मी तिसरी नीट सरळ उभी केली. आणि फोनवर ‘हो’ दाबलं. फोन हिरवा झाला. पाठीवर गादिएल झोपेत उचकी देत होता.

दुधाच्या गाडीचं माझ्या लक्षात होतं. ‘मी बघते ना’ म्हटलेलंही लक्षात होतं. पण सिस्टरना सांगायचं तर बाळ वर आहे असं सांगावं लागलं असतं. मग एप्रिलपासूनच्या हिरव्या ठिपक्यांचं काय? म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगू, काहीतरी करून सांगू. मिलुस्का तशी गुटगुटीतच होती. तिला काय होतंय?

सप्टेंबरमध्ये निकाल लागला. शंभरात चौऱ्याण्णव. रविवारी बाजारात छपराची पायाभरणी ठरली. बँड आला, नगराध्यक्षांनी नवी टोपी घातली, बायकांनी चिचाचे, मक्याच्या आंबवलेल्या दारूचे, हंडे मांडले. कोपऱ्यात सिस्टरनी टेबल टाकलं होतं, आलेल्या बाळांचं रक्त तपासायला. नगराध्यक्षांनी मला प्रमाणपत्र दिलं. आईने ते दोन्ही हातांनी धरलं, चीजचे हात आधी एप्रनला पुसून.

आणि तेव्हाच हिलारिया आली. पठारावरून खाली उतरून थेट बाजारात, चेहरा काळवंडलेला, पाठीवर मिलुस्का.

मी मिलुस्काला ओळखलं नाही. खरंच नाही. गालांवरची ती लाली गेली होती, चेहरा मेणासारखा. गादिएल तोवर धरून धरून उभा राहायला लागला होता. ती शालीतून मान एका बाजूला टाकून पडली होती. हिलारिया बटाट्याच्या पोत्यांजवळ थांबली, तेव्हा मिलुस्काने हात लांब केला, पोत्यावरची माती बोटांनी खरवडली आणि तोंडात घातली. पुन्हा खरवडली. भूक लागल्यासारखी चाटत होती.

सिस्टरनी ते बघितलं. “हिलारिया! आण तिला इकडे.”

बोट टोचलं. रक्ताचा थेंब यायलाच वेळ लागला. यंत्रावर आकडा आला, सहा पूर्णांक नऊ. निदान अकरा तरी हवा. सिस्टरनी दुसरं बोट टोचलं. सात.

“थेंब देतेस ना गं तिला?”

“कुठले थेंब, सिस्टर?”

सिस्टरनी फोनवर नाव काढलं आणि मोठ्याने वाचलं. “पंधरा भेटी. पाच बाटल्या. नियमित दिले, हो. शी काळी, हो.” चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “इथे तर सगळं लिहिलंय.”

“मी तर वर होते, सिस्टर. एप्रिलपासून. दाराला काठी लावून गेले होते.” हिलारियाने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. “कुणाला दिसली नाही का काठी?”

बँड वाजत होता. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही. मी काहीतरी सांगेन आणि गोष्ट जुळेल, अशा भरवशाने. मागे वाल्देर साहेब हातात चिचाचा पेला घेऊन उभे होते. आई माझं प्रमाणपत्र शेजारणीला दाखवत होती.

एदितच आधी बोलली. “फेकले असतील, दुसरं काय! ह्या वरच्या बायका अशाच. फुकट मिळालं की कोंबड्यांना पाजतात आणि मग आमच्या नावाने...”

“नेलिदा?” सिस्टर म्हणाल्या.

मी म्हणाले, “बाटल्या तिच्या घरीच आहेत, सिस्टर.”

एवढंच. ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या दिवसापासून मी हे वाक्य किती वेळा उलटंसुलटं केलं असेल. एकही शब्द खोटा नव्हता.

सिस्टर हिलारियाकडे वळल्या. मी त्यांना कुणावर एवढं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. “बाटल्या घरात आणि पोर माती खातेय? लाज नाही वाटत? आई आहेस का कोण आहेस? आजच्या आज हिला जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायचं. नाही नेलंस तर मला वर कळवावं लागेल, मग ते लोक येऊन विचारतील, मूल तुझ्याकडे ठेवायचं की नाही.” आणि त्यांनी फोनवर लिहिलं, आई सहकार्य करत नाही.

हिलारियाने सगळ्याला ‘हो’ म्हटलं. शाल बांधताना ती माझ्याजवळून गेली. हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, “ताई, तू सांगते म्हणाली होतीस.”

इस्पितळात ती पोचलीच नाही.

मी सिस्टरना गुरुवारी सांगितलं. चार दिवस लागले मला. त्या चार दिवसांत गादिएलला जरा सर्दी झाली, तर मी त्याला तीनदा केंद्रात नेलं, आणि तीनही वेळा सिस्टरसमोर बसून गप्प राहिले. चौथ्या वेळी सांगितलं. कोनाडा, काठी, काळी शी, सगळं.

मला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढला, पुन्हा घातला. “त्या पोरीला मी ओरडले,” म्हणाल्या. “बाजारात, सगळ्यांसमोर. मी तिला ओरडले, नेलिदा.” मग पिशवी उचलली. “चल.”

आम्ही चढ चढलो. दाराला काठी होती. कोनाडा रिकामा होता.

खालच्या घरातल्या असुंता आजींनी सांगितलं, हिलारिया सोमवारच्या बसने लिमाला गेली. तिची बहीण तिथे कुठल्याशा वाळूच्या टेकडीवर राहते. “रडत होती. म्हणाली, पोर घेऊन जातील. बाटल्या सगळ्या कापडात गुंडाळून नेल्या. मला विचारत होती, आजी, हे कसं द्यायचं? मला काय ठाऊक? मी म्हटलं, औषध आहे, दे रोज.”

सिस्टर तिथेच दगडावर बसल्या.

कारण किती थेंब द्यायचे, हे हिलारियाला कुणीही दाखवलेलं नाही. बाटलीवर बारीक अक्षरात आहे, पण तिला वाचता येत नाही. सहा महिन्यांचं राहिलेलं एकदम भरून काढायला निघालेली आई काय करू शकते, ते मला कळतं. मीही आई आहे. जास्त लोह बाळाला विषासारखं असतं. आणि थोडं थोडं दिलं तरी रक्त सातपर्यंत उतरलेल्या बाळाला थेंब पुरत नाहीत, इस्पितळच लागतं.

दुसऱ्या दिवशी मी वाल्देर साहेबांकडे गेले. म्हटलं, मिलुस्काच्या भेटी रद्द करा, खऱ्या नाहीत असं लिहा, म्हणजे लिमातलं आरोग्य खातं तिला शोधेल. आता त्यांच्या यादीत ती उपचार पूर्ण झालेली मुलगी आहे. तिला कुणीच शोधणार नाही.

त्यांनी दार लावून घेतलं. “एक घर उलटं केलं की तपासणी लागते. मग बाकीच्या घरांचं काय? काठ्या काय तुमच्या एकटीच्याच होत्या?” माझ्यापुढे पाव सरकवला. “खड्डे खणून झालेत, नेलिदाबाई. खांब आलेत. आता काय, तुमच्या आईला सांगू परत प्लास्टिक बांध म्हणून?”

सिस्टरनी स्वतः मंत्रालयाला पत्र पाठवलं आहे. त्याला पाच महिने झाले. लिमातल्या ओळखीच्या सिस्टरांनाही त्यांनी फोन केले, पण त्या टेकड्यांवर घरांना नंबर नसतात.

छप्पर झालं. चांगलं झालंय. ह्या फेब्रुवारीत गारा पडल्या तेव्हा पत्र्यावर असा आवाज झाला की बाजारातल्या बायका हसून टाळ्या वाजवायला लागल्या. आईने मला हाताला धरून खाली उभं केलं, बघ म्हणाली, एक थेंब नाही. मी अजून त्याच कामावर आहे. काठी दिसली की ‘बंद’ लिहिते. आता त्यावर कुणी काही बोलत नाही, ह्या वर्षी बक्षीस नाहीये.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही लिमाच्या त्या वाळूच्या टेकड्यांकडे राहत असाल, किंवा तुमचं कुणी राहत असेल, तर एकदा जाऊन बघा. आई वीस वर्षांची, बुटकी, डाव्या भुवईवर जखमेची खूण, नाव हिलारिया. मुलगी मिलुस्का, ह्या महिन्यात दीड वर्षाची होईल. ती माती खाते का बघा. तिची खालची पापणी हळूच ओढा आणि आतला रंग बघा. फिकट असेल तर दोघींना घेऊन जवळच्या केंद्रात जा, आणि बाटल्या सोबत घ्या. हिलारिया घाबरेल, दार लावून घेईल. तिला सांगा, पोर कुणी नेणार नाही. फोनमध्ये लिहिलेलं खोटं आहे आणि ते नेलिदाने लिहिलं होतं, हे केंद्रातल्या लोकांना तिच्यादेखत सांगा. दाराला काठी असेल तर परत फिरू नका. शेजारी विचारा.